'लाईन गेली'चा ट्रेलर : ए-बी विंगच्या ग्रुपवर रविवारची चर्चा

ए-३०२, धाकटी (१०.०४)
नमस्कार सगळ्यांना. मागच्या महिन्यात आपल्या जिन्यात आणि गच्चीवर शूटिंग केलं होतं, त्याचा ट्रेलर टाकते आहे. एक मिनिट चाळीस सेकंद. फिल्मचं नाव 'लाईन गेली'. मंगळवारी कॉलेजात जमा करायचाय. भयपटाच्या ठरलेल्या खुणा वापरायच्या आणि त्यातली निदान एक मोडून दाखवायची, असं काम आहे. कुठे भीती वाटली, कुठे नाही, खरं खरं सांगा.

बी-१०३, दादा (१०.१९)
दोनदा पाहिला. दुपार निवडली हे फार चांगलं केलं. रात्र, पाऊस, पडका वाडा हे सगळ्यांनी केलंय. मे महिन्यातली दोनची दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही, सगळ्या खिडक्या बंद, हे आपलं आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७ च्या वर गेला होता, तेव्हाची कॉलनी आठवली. आणि आमची आजी तर भर बाराला पिंपळाखालून जाऊ द्यायची नाही, मुंजा असतो म्हणून. आमची लहानपणची भीती दुपारचीच होती.

ए-३०२, धाकटी (१०.२३)
तेच डोक्यात होतं दादा. भयपटात अंधार लपवायचं काम करतो. इथे ऊन लपवतं. गच्चीवरून जिन्यात शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही ना, डोळे सरावायच्या आधीचे ते क्षण मी घेतलेत.

बी-२०२, सेक्रेटरी (१०.३१)
छान झालं आहे बेटा. फक्त गेटवरचा सोसायटीच्या नावाचा बोर्ड ०.१८ ला दिसून राहिला, तेवढा धूसर कर. आणि वॉचमन भाऊंचा चेहरा आला आहे, त्यांना विचारलं का?

ए-३०२, धाकटी (१०.३२)
विचारलं काका, लेखी घेतलंय. बोर्ड आजच धूसर करते.

बी-४०१, साऊंडवाले दादा (१०.४८)
आवाजाचं सांगतो, लग्नांचे साऊंड लावण्यात वीस वर्षं गेली माझी. तू सुरुवातीला जी खालच्या सुरातली घरघर टाकली, ती मोबाईलवर ऐकूच येत नाही. एवढ्याशा स्पीकरला तो सूर काढताच येत नाही. मी हेडफोन लावले तेव्हा कळलं की काही वाजून राहिलं आहे. बाकीच्यांचं नाही सांगत, पण आपल्या ग्रुपवरचे तरी सगळे मोबाईलवरच बघतील.
त्यापेक्षा कूलर ठेव. पुढे तू घेतलाच आहे. कूलरच्या आवाजात पात्यांची खडखड असते, पाणी टपकतं, पंपाची गुणगुण असते, ती लहान स्पीकरवरही येते. आणि लाईन जाते तेव्हा पातं एकदम थांबत नाही, हळूहळू मंदावतं. तू तिथे आवाज कचकन कापला. नको कापू. पूर्ण मंदावू दे, चार-पाच सेकंद. नागपूरच्या माणसाला तो आवाज मंदावताना ऐकला की काहीतरी बिघडलं हे सांगावं लागत नाही. मग जी शांतता येईल ती तुझी.

ए-३०२, धाकटी (१०.५१)
दादा, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आज पुन्हा रेकॉर्ड करते.

ए-१०४, आजी (११.२०)
सूनबाईकडून लिहून घेते आहे. माझं पांढरं पातळ तू मागून नेलंस तेव्हा मी आनंदानं दिलं. ट्रेलर पाहिला. शेवटी नाव येऊन गेल्यावर ती म्हातारी एकदम तोंडासमोर येते आणि मोठा आवाज होतो. नातू दचकला आणि मग माझ्याकडे पाहायला लागला. मला ते लागलं बाळा.
माझ्या लहानपणी इतवारीत आमच्या वाड्यात सोवळ्या आत्याबाई होत्या. त्या लाल आलवण, म्हणजे सोवळ्या विधवांचं लुगडं, नेसायच्या, पांढरं नाही. अंधारात आम्ही पोरं त्यांच्याच कुशीत शिरायचो. पांढऱ्या साडीतली बाई म्हणजे भूत, हे आपल्या घरातून आलेलं नाही.

ए-२०१, काका (११.३४)
आजी म्हणतात ते बरोबर आहे. ते सिनेमातून पक्कं झालं. १९६४ च्या 'वो कौन थी'मध्ये पावसात पांढऱ्या साडीत उभी साधना एकदा पाहिली की डोळ्यांपुढून जात नाही. आणि त्या सिनेमात शेवटी भूत नसतंच, माणसांचं कारस्थान निघतं! ते लोक विसरले, साडी तेवढी लक्षात राहिली.

ए-३०२, धाकटी (११.४७)
आजी, माफ करा. फिल्ममध्ये ती बाई भूत नाहीये. वरच्या मजल्यावरची शेजारीण आहे. लाईन गेल्यावर मुलीला जिन्यातून आईच्या आवाजात हाक येते, आणि आई तर गावाला गेलेली. मुलगी ओ देणार तेवढ्यात ही शेजारीण आजी तिला अडवते. हाकेला लगेच ओ देऊ नये म्हणतात ना, तेच. परदेशी भयपटांत शेवटी एकटी मुलगी वाचते, त्याला 'फायनल गर्ल' म्हणतात, सिनेमाच्या अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये दिलेलं नाव. माझ्यात एकटी नाही वाचत, दोघी वाचतात. हीच खूण मला मोडायची होती. ट्रेलरमध्ये मुद्दाम फसवलंय, म्हणजे फिल्म बघताना धक्का बसेल.

ए-२०३, काकू (१२.०५)
मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. फिल्म बारा मिनिटांची आहे, ती किती जण बघतील? ट्रेलर मात्र ग्रुपग्रुपवर फिरेल. ज्यानं फक्त ट्रेलर पाहिला त्याच्यासाठी तू काहीच मोडलं नाहीस. पांढरी साडी म्हणजे भूत हेच आणखी एकदा सांगितलंस. आजींच्या नातवाला तेवढंच कळलं. फसवायचं तर जरूर फसव, पण त्या एक मिनिट चाळीस सेकंदांतच फसवणूक उघडी पाड.

बी-१०३, दादा (१२.११)
पण काकू, सगळं ट्रेलरमध्येच सांगितलं तर फिल्ममध्ये उरलं काय? ट्रेलरचं कामच खोटी वाट दाखवायचं आहे.

ए-२०३, काकू (१२.१६)
तो आवाज कोणाचा हे नाही सांगायचं ना. बाई कोणाच्या बाजूनं आहे, तेवढंच. भीती त्या हाकेची राहील, बाईची जाईल. मला तर ती हाकच जास्त भयंकर वाटते.

ए-२०१, काका (१२.२२)
ट्रेलर साच्यातला नसला तरी चालतो. 'सायको'चा १९६० चा ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे, त्यात दिग्दर्शक हिचकॉक स्वतः मोटेल आणि घर फिरवून दाखवतो. लोकांनी तरी सिनेमाला गर्दी केलीच.

ए-३०२, धाकटी (१२.४०)
काकूंचं पटलं. दोन तास यावर विचार करते.

ए-३०२, धाकटी (१७.५५)
नवीन टाकते आहे. कूलर पूर्ण मंदावतो. मग जिन्यात पांढरं पातळ दिसतं, तिथे तुम्ही घाबराल, ते ठेवलंय. नाव येतं. मोठा आवाज आणि चेहरा काढून टाकला. त्याजागी काळ्या पडद्यावर आईची हाक. दुसरी हाक, जरा जवळून. मग उन्हाच्या तिरिपेत फक्त दोन हात, म्हातारा हात मुलीच्या मनगटावर. आणि हळू आवाजात, "ओ नको देऊ."

बी-४०१, साऊंडवाले दादा (१८.०२)
बाप्पा! मोबाईलवर ऐकलं, अंगावर काटा आला. दुसरी हाक अजून थोडी हळू कर, लोक कान जवळ नेतील.

बी-१०३, दादा (१८.०९)
माझं म्हणणं मागे घेतो. फिल्म कधी दाखवते?

ए-१०४, आजी (१८.३०)
नातवानं तीनदा लावलं. आता माझा हात धरून बसला आहे आणि हाक आली की ओ देऊ का विचारतो. पातळ परत करायची घाई नाही. धुशील तेव्हा शेवटच्या पाण्यात नीळ घाल, नुसत्या साबणानं पिवळं पडतं.