गाण्याखालच्या ओळी
व्हिडिओ बघून मुलं वाचायला शिकत नाहीत, कारण ती चित्रंच बघतात, अक्षरांकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं काही जण म्हणतात; हा मुद्दा मला अर्धाच पटला. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींना १९९६ मध्ये सुचलं की हिंदी गाण्याखाली हिंदीतच शब्द द्यायचे, भाषांतर नाही, आणि जो शब्द गायला जातोय त्याचा रंग बदलत जायचा. १९९९ ला गुजरात दूरदर्शनवर गुजराती गाण्यांना तसं केलं, नंतर चित्रहार, रंगोली या गाण्यांच्या कार्यक्रमांतही आलं. यातली गंमत म्हणजे गाणं आधीच पाठ असतं, त्यामुळे पुढचा शब्द काय येणार ते माहीत असतं आणि डोळे आपोआप तो शोधायला जातात, शिवाय ध्रुवपद चारचारदा येतं म्हणजे उजळणी फुकटात!

माझ्या भाचीला पहिल्या वेलांटीने छळलं होतं. 'किती' मध्ये वेलांटी क च्या आधी दिसते पण ऐकू नंतर येते, ती आपली 'इकती' वाचायची. मग तिच्या आवडीच्या बडबडगीताच्या ओळी मोठ्या अक्षरात कागदावर लिहिल्या, फोनवर गाणं लावलं आणि म्हटलं बोट फिरव. पहिले दोन दिवस बोट गाण्याच्या मागे धापा टाकत होतं, आठवड्याने जमलं.

पण एक आहे, नुसता कार्टूनचा व्हिडिओ लावून देऊन आपण स्वयंपाकाला गेलो तर काही होत नाही (हे पण करून झालंय). चित्र फार हलत असेल तर अक्षरं हरतातच. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्यातली स्थिर चित्रांची एखादी घ्या आणि स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून द्या, आजीचा आवाज असेल तर अजूनच भारी.