जर्मनीहून परतल्यावर ऐरोलीतील कामाच्या वेळा

प्रश्न : काही वर्षे म्युनिकमध्ये नोकरी करून मी ठाण्यास परतलो असून ऐरोलीतील एका कंपनीत रुजू झालो आहे. जर्मन कायद्यानुसार एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सर्वसाधारणपणे ११ तासांची सलग विश्रांती द्यावी लागते; इथे मात्र रात्री साडेनऊची बैठक नाकारली की मीच उद्धट ठरतो. आपण हे कसे जुळवून घेतले?

उत्तर : बैठका उशिरा का होतात, हे आधी पाहावे. समोरचे कार्यालय न्यूयॉर्कमध्ये असेल, तर ते तिकडच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असल्याने आपल्या संध्याकाळखेरीज दोघांना सोयीची वेळ फारशी उरत नाही, आणि त्यात वरिष्ठांचा दोष असतोच असे नाही. मी आठवड्यातील दोन रात्री मान्य केल्या आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची परवानगी ईमेलवर लेखी घेतली. (तोंडी ठरलेले वरिष्ठ बदलताच विरून जाते.)

उत्तर : महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात जादा कामासाठी दुप्पट वेतनाची तरतूद आहे, परंतु व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींना तो लागू होत नाही, म्हणून नियुक्तिपत्र नीट वाचावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. समोरचे कार्यालय न्यूयॉर्कचेच आहे. दोन रात्रींचा प्रस्ताव सोमवारी लेखी देतो.