रात्री कामावरून सुटणाऱ्या मुलासाठी बिनखर्चाचा छंद?

प्रश्न: सोळा वर्षांचा मुलगा, आईवडील दुसऱ्या गावी. पगार बहुतेक घरीच जातो. साडेनऊला सुटतो, खोलीवर एकटाच. पैसे न लागणारं, घरच्यांनाही सामील करता येईल असं काही सुचवा.

रातवा: आकाश बघणं. गच्ची किंवा मोकळी जागा असली की झालं. पण दिव्याखालून येऊन थेट वर पाहिलं तर चार ठिपके दिसतात, आणि पोरं पहिल्याच रात्री नाद सोडतात. डोळ्यांना अंधार सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. मध्येच मोबाइल उघडला की सगळं मुसळ केरात. हिवाळ्यात मृग नक्षत्रापासून सुरुवात करा. एका ओळीतले तीन तारे सापडले की ती ओळ एकीकडे वाढवा, ठळक पांढरा व्याध भेटतो. दुसरीकडे तांबूस रोहिणी.

चांदणचूर: घरच्यांसोबत एकाच वेळी चंद्र बघायचा तर वेळ ठरवताना तो फसवतो. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी साडेनऊला नुसतंच काळं आकाश! पौर्णिमेआधीचा आठवडा धरा. ताऱ्यांचं उलटं: रोज 4 मिनिटं लवकर, महिन्याला 2 तास.

प्रश्नकर्ता: वही ठेवावी का?

रातवा: हो, पाठकोरे कागदही चालतील. तारीख, वेळ, चंद्राचा आकार. आई तिकडे तेच काढेल. मग फोनवर ‘पैसे पोचले का’ याच्यापुढे बोलायला काहीतरी असतं. अर्धा-पाऊण तास पुरे, सकाळी कामावर जायचंय त्याला.