प्रवाळावरच्या प्राण्यांची मराठी नावं हवी आहेत, मदत कराल का?

नमस्कार मंडळी,
मी कोथरूडला राहते, सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. प्रवाळाभोवतीच्या जीवसृष्टीचा मोठा तक्ता आम्ही करतोय आणि नावांपाशी गाडी अडलीय.

डिसेंबरात मालवणला स्नॉर्कलिंग केलं तेव्हापासून हा विषय मनातून जातच नाही. पाण्यात डोकं घातलं आणि आधी कानावर आली ती तडतड, चुलीत काटक्या पेटाव्यात तशी. ती एका जातीच्या कोळंबीच्या नांगीची असते, हे घरी आल्यावर वाचलं. समुद्रतळाचा १ टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, तरी सागरी प्रजातींपैकी सुमारे पाव प्रजातींना तिथे आसरा मिळतो! पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्याची वाळू करून बाहेर टाकतो. क्लीनर रॅस हा बोटाएवढा मासा मोठ्या माशांच्या थेट तोंडात शिरून परजीवी टिपतो. हे सांगितलं की वर्ग चिडीचूप.

तर या दोघांना, शिवाय सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा), सी कुकुंबर (काकडीच्या आकाराचा, मऊ) आणि ब्रिटल स्टार (तारामाशासारखा, लांब बारीक हातांचा) या प्राण्यांना कोकणात काय म्हणतात? पुस्तकी प्रतिशब्द नकोत, मासेमारी करणाऱ्या घरांतली नावं हवीत. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्यांनी आजी-आजोबांना विचारून सांगा ना.

आणखी एक. जामनगरजवळ नराराला ओहोटीच्या वेळी चालत जाऊन प्रवाळ बघता येतात. पुण्याहून तिथे मुलांची सहल कुणी नेली आहे का? परवानगी, भरती-ओहोटीच्या वेळा, मुलांच्या पायात काय घालायचं, सगळंच जाणून घ्यायचंय.