अनुभव धागा: तुमच्या घरातलं कोणतं काम कोणाकडून कोणाकडं गेलं?

एकत्र कुटुंबं मोडली, ही रड पुष्कळ झाली. मला वेगळंच विचारायचंय. मराठवाड्यातल्या तुमच्या घरात जे काम ठरलेल्या माणसाचं होतं, ते आता कोण करतं? आणि त्यावर घरात काय बोललं जातं? तत्त्वज्ञान नको, घरचं सांगा.

अहमदपूरकर
मुलगी 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला. हॉस्टेलचं जेवण जाईना, म्हणून हिनं तिथंच खोली केली. शिकवण्यांच्या भागात अशा आया गल्लोगल्ली दिसतात; एक खोली, गॅस, कुकर, दोन गाद्या. इकडं शेत, म्हैस आणि माय माझ्याकडं. मायच्यानं आता भाकरी थापवत नाही, मग मीच शिकलो. सुरुवातीला माय दार लोटून घ्यायची, शेजारणींनी बघू नये म्हणून. आता आल्यागेल्याला आग्रह करते, "लेकाच्या हातची खा." सोयाबीन काढणीला मात्र ही गावी येते आणि मुलगी तेवढे दिवस मेसवर काढते. नातेवाईक म्हणतात, बायको-पोरीनं घर सोडलं. म्हणोत.

केजचा मास्तर
तुमची निदान खोली आहे. आमच्या चुलतीचा लेक आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला, कारखान्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कमही जोडीवरच, त्यामुळं सुनेला मागं राहता येत नाही. नातवंडं चुलतीकडं. शाळेत पालकसभेलाही तीच येते, अंगठा देते, आणि पोरगं अभ्यास करत नाही म्हणून माझ्याशीच भांडते. पूर्वी पोरंही फडावर जायची, झोपडीवजा कोपीत राहायची, शाळा बुडायची. आता हंगामी वसतिगृहामुळं काही मागं राहतात, पण रात्री आजीच लागते. तिची कंबर गेलीय, हे तिचा लेक उन्हाळ्यात परत आल्यावर बघतो.

नांदेड
आमच्यात काही बदललं नाही. सून बँकेत जाते, येऊन स्वयंपाकही तीच करते. सासरे मेथी निवडून ठेवतात. याला बदल म्हणायचं तर म्हणा.

परभणीची लेक
वडिलांना आजारपणात मी माझ्या सासरी आणलं. भाऊ पुण्यात, पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो. वाईट नाही तो. पण वडील गेल्यावर हक्कसोडपत्र पुढं आलं. साडीचोळी घे आणि सही कर. महाराष्ट्रात लेकींना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा देणारा कायदा १९९४ चा, देशभरचा २००५ चा. हे माझ्या नवऱ्यानंच शोधून सांगितलं. सही केली नाही. राखीला गेले तर भाऊ बोलला, भावजय नाही.

हिंगोलीवाला
ताई, सही केली नाही ते बरंच केलं. पण आमच्याकडं बहिणींनी हिस्सा घेतला आणि आईचा दवाखाना माझ्याच माथी राहिला. त्याचं काय?

परभणीची लेक
मग दवाखान्याचेही वाटे मागा, दादा. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा लेकीलाही लागू आहे. बहिणींना एकदा बिलं पाठवून तर बघा.