स्ट्रिंग्जच्या यादीत मराठी संदेश सापडेना

कळफलक_बडव्या

भांडारनोंदीचा एक जुना विंडोज प्रोग्राम गळ्यात पडलाय. सोर्स कोणाकडेच उरलेला नाही, हातात फक्त ३२-बिट ईएक्सई. मधूनच ‘नोंद सापडली नाही’ अशी खिडकी दाखवतो आणि बंद पडतो. हे वाक्य कोडमध्ये कुठून येतं एवढं कळलं तरी पुढचं मी बघेन.

लिनक्सवर फाइलची प्रत घेऊन स्ट्रिंग्ज (फाइलीतला वाचण्याजोगा मजकूर काढून देणारी आज्ञा) चालवलं. अकरा हजारांवर ओळी. डीएलएलची नावं, फंक्शनांची नावं, इंग्रजी सूचना, सगळं आहे; मराठीचा एक शब्द नाही. यादीत ‘नोंद’ ग्रेपने शोधून पाहिलं, शून्य. ‘मायनस ई एल’ (दोन बाइटांची अक्षरं शोधायचा पर्याय) दिल्यावर आणखी थोडं इंग्रजी निघालं, बाकी ठणठणाट. फाइल पॅक केलेली, म्हणजे दाबून गुंडाळलेली, असेल का? शेवटाकडे कंस, टॅब, इंग्रजी के, टॅब असल्या विचित्र ओळी भरपूर आहेत. कचरा म्हणून सोडून दिल्या.

फुकटचा_सल्ला

यूपीएक्स या पॅकरने पॅक असेल. सेक्शनच्या नावांत यूपीएक्स दिसतं का बघा. नाहीतर सरळ फ्लॉस (लपवलेल्या स्ट्रिंग शोधणारं साधन) चालवा.

जुना_बाइट

पॅक नाही. पॅक असती तर एवढं वाचण्याजोगं इंग्रजी हाती लागलं नसतं. फ्लॉसही इथे उपयोगाचा नाही. एकेक अक्षर स्टॅकवर मांडून किंवा उलगडून स्ट्रिंग बनवणाऱ्या मालवेअरसाठी तो उत्तम, पण तुमच्या प्रोग्रामने काही लपवलेलंच नाही.

तुम्ही ज्याला कचरा म्हणताय ना, तोच तुमचा संदेश आहे.

स्ट्रिंग्जला भाषा कळत नाही. छापता येण्याजोगे निदान चार बाइट सलग दिसले की ओळ छापायची, एवढंच त्याचं काम. विंडोज मजकूर बहुधा युटीएफ-१६मध्ये ठेवतं: अक्षराला दोन बाइट, धाकटा बाइट आधी. ‘नोंद’ म्हणजे न, ओकार, अनुस्वार, द. फाइलीत ते असं बसतं (आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीत): २८ ०९ ४बी ०९ ०२ ०९ २६ ०९. देवनागरीचा वरचा बाइट नेहमी ०९, आणि आस्की या जुन्या इंग्रजी संकेतात ०९ म्हणजे टॅब! २८ म्हणजे कंस, ४बी म्हणजे के. कंस, टॅब, के, टॅब: झाले चार, ओळ छापली. पुढचा ०२ छापता येत नाही, म्हणून तिथे तुटली. तिच्या खालची ओळ टॅब, अँड चिन्ह, टॅब, मोकळी जागा अशी आहे का बघा. तो तुमचा ‘द’.

‘मायनस ई एल’ने का नाही आलं? तिथे दोन-दोन बाइट जोडीने वाचले जातात खरे, पण २५५च्या पुढचा आकडा स्ट्रिंग्ज अक्षर मानतच नाही. देवनागरी २३०४पासून सुरू होते.

पायथनमध्ये फाइल बाइट म्हणून उघडा, ‘नोंद’ युटीएफ-१६-एलईमध्ये एन्कोड करा आणि फाइंड करा. तीन ओळींचं काम.

कळफलक_बडव्या

अँड चिन्ह आहे! हसावं की रडावं. पायथनने जागाही दिली. पण गिड्रात (ईएक्सई उलगडून कोड दाखवणारं साधन) त्या पत्त्याकडे कोडमधून एकही संदर्भ येत नाही. वाक्याच्या आधी १० ०० असे दोन बाइट आहेत, हे काय?

जुना_बाइट

हेक्समध्ये १० ०० म्हणजे सोळा, वाक्याची लांबी. ‘नोंद सापडली नाही’ मोजा; काने-मात्रा, अनुस्वार आणि मोकळ्या जागा धरून बरोबर सोळा. म्हणजे हे रिसोर्समधलं, ईएक्सईला जोडलेल्या साहित्यातलं, स्ट्रिंग टेबल. कोड तिथे पत्त्याने जात नाही, लोडस्ट्रिंग या विंडोजच्या फंक्शनला वाक्याचा क्रमांक देतो. म्हणून संदर्भ दिसत नाहीत.

हे टेबल सोळा-सोळा वाक्यांच्या गठ्ठ्यांत असतं. गठ्ठ्याच्या क्रमांकातून एक वजा करा, सोळाने गुणा, आणि गठ्ठ्यात आपलं वाक्य कितवं ते, शून्यापासून मोजून, मिळवा. रिकाम्या जागाही धरायच्या, त्या ०० ०० अशा दिसतात. (मी एकदा त्या सोडून मोजल्या आणि अख्खा दिवस भलतंच फंक्शन वाचत बसलो.)

कळफलक_बडव्या

गठ्ठा २७, त्यात दुसरं. म्हणजे २६ गुणिले १६ अधिक १, ४१७?

जुना_बाइट

हो. हेक्समध्ये १ए१. ३२-बिट कोड आहे, तेव्हा ‘६८ ए१ ०१ ०० ००’ शोधा; ६८ म्हणजे पुश, आकडा स्टॅकवर ठेवायची सूचना. कंपायलरने क्रमांक वेगळ्या तऱ्हेने दिला असेल तर नुसतं ‘ए१ ०१ ०० ००’ शोधावं लागेल, मग भलत्या जागा जास्त येतील.

कळफलक_बडव्या

एकच जागा निघाली, लगेच खाली लोडस्ट्रिंग. त्याच फंक्शनमध्ये वर एक फाइल उघडायचा प्रयत्न आहे. तिचा मार्ग थेट कोडात ठोकलेला, आणि तो ड्राइव्ह आम्ही मशीन बदललं तेव्हाच गेला. फाइल उघडली नाही तरी ‘नोंद सापडली नाही’च म्हणतो लेकाचा. तो मार्ग साध्या इंग्रजीत, पहिल्याच दिवशीच्या यादीत होता.