एसएलआर असताना जुना रेंजफाइंडर का वापरावा? (कॅननेट क्यूएल१७ जी-३)

नवी_पेठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

कॅननचा कॅननेट क्यूएल१७ जी-३ हातात आला आहे, ४० मिमी एफ/१.७ लेन्सचा. आजवरचे सगळे रोल एसएलआरवर (आरशातून, लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यावर), ५० मिमी लेन्सने काढलेले. रेंजफाइंडरची, म्हणजे वेगळ्या खिडकीतून बघून दोन प्रतिमा जुळवत फोकस करायच्या अशा कॅमेऱ्याची, ज्यांना सवय लागते ते तो सहसा सोडत नाहीत, असं पुष्कळदा वाचलं. पण 'मजा येते' यापलीकडे कारण कुणी सांगत नाही. ते कुणीतरी नीट उलगडून सांगावं ही विनंती.

कॅमेऱ्याची अवस्था अशी: शटर वाजतं. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई हलत नाही. खिडकीतला फोकसचा ठिपका फारच फिका आहे, उन्हात कसाबसा दिसतो. मागचं झाकण उघडलं की बोटांना काळा चिकट चुरा लागतो. वापर बहुतेक पेठांतल्या वाड्यांमध्ये, मंडईत आणि गणपतीत होईल. रोल घालण्याआधी काय काय करावं, आणि कोणत्या कामाला हा कॅमेरा वापरूच नये?

आरसा_नको

सगळं त्या खिडकीत आहे. एसएलआरमध्ये आपण लेन्समधून बघतो, इथे लेन्सच्या वरच्या बाजूला असलेल्या साध्या काचेतून. त्यामुळे खिडकीत सगळं कायम स्वच्छ दिसतं, जवळचंही आणि लांबचंही. लेन्स कुठेही फोकस केलेली असो. एसएलआरमध्ये एफ/१.७ ला, म्हणजे लेन्सचं भोक (ॲपर्चर) पूर्ण उघडं असताना, मागची माणसं विरघळून जातात आणि त्यांच्याकडे लक्षच राहत नाही. इथे मागचा माणूस काय करतोय ते दिसत राहतं, म्हणून चित्राची मांडणी वेगळी होते.

दुसरं, चौकटीच्या रेघांबाहेरचं जगही दिसतं. लक्ष्मी रोडवर ढोलपथक येत असेल तर ध्वज घेतलेला मुलगा चौकटीत शिरायच्या आधीच खिडकीच्या कडेला दिसायला लागतो. बोट कधी दाबायचं ते ठरवायला अर्धा-एक सेकंद मिळतो, आणि रस्त्यावरच्या फोटोला तेवढा पुरतो.

तिसरं, आरसा नाही. एसएलआरमध्ये नेमक्या फोटोच्या क्षणी आरसा वर जातो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. इथे १/१५ सेकंदाला शटर उघडं असतानाही समोरचं दिसतं, समोरच्याने डोळे मिटले का तेही कळतं. आरशाचा धक्का नसल्यामुळे स्थिर हाताने १/१५ जमतं. शिवाय कॅननेटचं पात्यांचं शटर लेन्सच्या आत आहे, त्याचा आवाज जेमतेम 'टिक' एवढाच. रोल पुढे घ्यायच्या खटक्याचा आवाज त्याहून मोठा, तेव्हा मैफिलीत टाळ्यांची वाट बघून खटका ओढावा. याच शटरमुळे फ्लॅश १/५०० पर्यंत कुठल्याही वेगाला जुळतो. भर दुपारी टोपीखालचा चेहरा उजळायला हे फार कामाचं आहे, कारण त्या काळातले बहुतेक एसएलआर १/६० किंवा १/१२५ च्या वर जात नाहीत.

आता फोकस. त्या ठिपक्यात दोन खिडक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. 'पुरेसं स्पष्ट झालं का' हा अंदाज इथे नसतो. उभी रेघ जुळली किंवा नाही जुळली, बस. मंडईतल्या अंधूक उजेडात खांबाची कड, तराजूची साखळी, साडीचा काठ, काहीही उभं धरा. ही अचूकता दोन खिडक्यांमधल्या अंतरावर आणि खिडकीच्या वर्धनावर ठरते. १९५४ च्या लायका एम३ मध्ये हे अंतर ६८.५ मिमी आणि वर्धन ०.९१, म्हणजे परिणामी पाया (दोन्हींचा गुणाकार) सुमारे ६२ मिमी. लेन्स बदलली तरी हा आकडा तोच राहतो. म्हणून रुंद (जास्त परिसर टिपणाऱ्या) लेन्सला रेंजफाइंडर सरस, लांब (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सला कमजोर; १३५ मिमीच्या पुढे त्याचा हट्ट धरू नये. रुंद लेन्सचा आणखी एक फायदा: आरशाला जागा सोडावी लागत नाही. लायका एममध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्म २७.८ मिमीवर, निकॉन एफमध्ये ४६.५ मिमीवर. लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या जवळ नेता येतं, त्यामुळे रुंद लेन्स लहान होते आणि तिच्यात सरळ रेघा सरळ राहतात.

कॅननेट कशाला वापरू नये? फुलं, दागिने, नुसता चेहरा भरून काढायचा फोटो. तो ०.८ मीटरच्या आत फोकस होत नाही. ग्रॅज्युएटेड फिल्टर किंवा पोलरायझरही त्रासाचा, कारण परिणाम खिडकीत दिसतच नाही.

पान्हा_पेचकस

आधी चुरा. तो झाकणाच्या फटीतून उजेड आत येऊ न देणारा, आता कुजलेला फोम (सील) आहे आणि तो चिकट डाग पाडतो. फिल्मच्या चौकटीवर कागद लावून कडा टेपने बंद करा, नाहीतर तुकडे आतून लेन्सच्या मागच्या भिंगावर जाऊन बसतील. मग लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खाचा कोरून काढा. नवीन भरताना लांब खाचांत काळी लोकर बसते, जाडीप्रमाणे एक किंवा दोन पदर. बिजागरीच्या बाजूला दीड-दोन मिमी फोमची पट्टी. फार जाड फोम घातला तर झाकण नीट बंद होत नाही आणि खिटी सुटते. सील गेलेलं ओळखायची खूण: रंगीत रोलवर कडेने आत शिरलेले नारिंगी पट्टे, आणि नेमके उन्हात फिरलेल्या फोटोंवर जास्त.

फिका ठिपका: शंभरातल्या नव्वद वेळा धूळ आणि आतल्या काचांवर बसलेली वाफ असते. वरचं झाकण काढून खिडक्यांच्या आतल्या बाजू किंचित ओलसर कापसाच्या काडीने पुसा. पण मधला अर्धपारदर्शक आरसा कधीही पुसू नका. त्याचा मुलामा पृष्ठभागावरच असतो, एका फटक्यात निघून येतो, आणि मग ठिपका कायमचा जातो. त्याला फक्त हवेचा फुगा. झाकण उघडायचं नसेल तर मोठ्या खिडकीच्या बाहेर, बरोबर मध्यभागी, काळ्या इन्सुलेशन टेपचा ३-४ मिमीचा चौकोन लावून बघा. मधला भाग गडद होतो आणि ठिपका उठून दिसतो.

शटर वाजतं म्हणजे बरोबर चालतं असं नाही. मागचं झाकण उघडा, ॲपर्चर रिंग 'ए'वरून (ऑटोवरून) काढून १.७ वर ठेवा, समोर दिवा धरा आणि फोनवर सेकंदाला २४० चौकटींचा स्लो मोशन व्हिडिओ मागून घ्या. पाती उघडी दिसणाऱ्या चौकटी मोजा: १/४ ला ६०, १/८ ला ३०, १/१५ ला १६, १/३० ला ८. १/४ ला ८० भरल्या तर हळू वेगांच्या दातेऱ्यांतलं ग्रीस वाळलंय. १/१२५ च्या वरचे वेग या पद्धतीने नीट मोजता येत नाहीत.

बॅटरी: मूळची १.३५ व्होल्टची पारा असलेली ६२५ आता मिळत नाही. तिच्या जागी ६२५ आकाराची अल्कलाइन घाला आणि आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा) एक पायरी खाली, म्हणजे निम्मा ठेवा, काम भागतं. सुई हलत नसेल तर खाचेतले हिरवे-पांढरे थर व्हिनेगरच्या थेंबाने साफ करा, नंतर अल्कोहोलने सुकवा. आत जुना पाऱ्याचा सेल असेल तर तो कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

शॉट्की

वरच्या बाकी सगळ्याशी सहमत, बॅटरीच्या मुद्द्याशी नाही. अल्कलाइन १.५ व्होल्टपासून सुरू होते आणि वापरात उतरत जाते. म्हणजे मीटरची चूक आज एक पायरी असेल तर दोन महिन्यांनी अर्धी. आयएसओ एकदाच कमी करून ती कशी भरून निघणार? आणि ही चूक वाईट दिशेची आहे. व्होल्टेज जास्त, म्हणून मीटरला उजेड जास्त वाटतो, कॅमेरा ॲपर्चर बारीक करतो आणि निगेटिव्ह पातळ येते. निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्त प्रकाश चालतो, कमी चालत नाही. सावलीत जे उमटलंच नाही ते नंतर आणणार कुठून?

दोन मार्ग आहेत. पहिला: श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, १.४ व्होल्ट, शेवटपर्यंत जवळजवळ सपाट. तो ११.६ मिमी रुंदीचा आहे आणि खाच साधारण १६ मिमीची, म्हणून भोवती रबरी रिंग लागते. उंची कमी पडली तर ॲल्युमिनियम फॉइलची घडी. स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबा, त्याला हवा लागते. एकदा उघडला की वापरा अथवा वापरू नका, काही आठवड्यांत संपतो. दुसरा: सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ सेल आणि मध्ये शॉट्की डायोड, जो सुमारे ०.२ व्होल्ट खातो. डायोड बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सुटा मिळतो. सोल्डरिंगचा डाग देता येत असेल तर हाच मार्ग उत्तम.

आणि नवी_पेठ, आधी बघा रिंग 'ए'वर आहे ना. या कॅमेऱ्यात 'ए' सोडलं की मीटर बंद असतं, सुई तेव्हा हलणारच नाही. मीटर मेलेलंच निघालं तरी कॅमेरा अडत नाही, शटर पूर्ण यांत्रिक आहे. याशिका इलेक्ट्रो ३५ चं तसं नाही: त्याला ५.६ व्होल्टची बॅटरी लागते आणि ती नसली तर शटर फक्त १/५०० ला चालतं.

नवी_पेठ

मनापासून आभार! रिंग एफ/५.६ वर होती. 'ए'वर नेली, तरी सुई हलली नाही. बॅटरीचीच खाच हिरवी आहे, तेव्हा व्हिनेगर. आणखी दोन शंका. रेंजफाइंडर जुळलेला आहे का ते घरी कसं तपासायचं? आणि विसर्जनाच्या गर्दीत ठिपका जुळवायला वेळ मिळेल का?

आरसा_नको

तपासणी दोन अंतरांना करा. अनंतासाठी पाऊस उघडलेल्या सकाळी गच्चीवरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा धरा. लेन्स अनंतावर टेकली की दोन मनोरे एकच दिसले पाहिजेत. शेजारच्या इमारतीची टाकी या कामाला चालत नाही, ती पुरेशी लांब नसते. प्रतिमा वर-खाली सरकलेली असेल तर फोकस चुकत नाही, डोळा शिणतो एवढंच. डावी-उजवीकडे सरकलेली असेल तर मात्र प्रत्येक फोटो चुकेल.

जवळच्यासाठी टेबलावर मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, ५० सेंमीच्या खुणेवर काडी उभी करा आणि १ मीटरवरून काडीवर फोकस करा. एफ/१.७ ला १ मीटरवर स्पष्टतेची खोली (पुढे-मागे जेवढ्या अंतरात सगळं स्पष्ट येतं ती) जेमतेम ६ सेंमी असते, त्यामुळे चूक लपत नाही. रोल न खर्चता बघायचं तर मागून आतल्या रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) केबलने शटर उघडं ठेवा आणि भिंगातून पट्टी वाचा.

विसर्जनात ठिपका विसरा. ॲपर्चर एफ/८, अंतर ३ मीटर: साधारण २.१ ते ५.४ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. लांबचंही हवं असेल तर एफ/८ ला ६.७ मीटरवर ठेवा, ३.३ मीटरपासून क्षितिजापर्यंत मिळेल. ४०० आयएसओच्या रोलवर इमारतींच्या मोकळ्या सावलीत १/२५० ला एफ/८ हेच येतं, म्हणजे दुपारभर हात लावायची गरज नाही. ऊन आलं की १/५०० आणि एफ/१६. फोकस रिंगला छोटी दांडी आहे. ती ३ मीटरला नेमकी कुठे येते ते घरी बघून ठेवा, गर्दीत बोटाने चाचपून अंतर कळतं. रात्री रोषणाईत १/६० ला एफ/२ च्या आसपास जावं लागेल, तिथे पुन्हा ठिपका.

लेन्सच्या टोपणाकडे लक्ष ठेवा. 'ए'वर असताना टोपण राहिलं तर शटर अडतं, कारण मीटरचा डोळा लेन्सच्या फिल्टर रिंगच्या आतच आहे. हाताने एक्स्पोजर लावताना मात्र काहीच कळत नाही; खिडकीत सगळं छान दिसत राहतं आणि अख्खा रोल कोरा जातो.

पान्हा_पेचकस

बॅटरीबद्दल शॉट्की बरोबर आहेत, डायोडच लावा.

गणपतीत ४८ मिमीचा साधा यूव्ही फिल्टर चढवूनच बाहेर पडा. गुलाल फार बारीक असतो, फोकसच्या आट्यांत शिरला की रिंग खरखरायला लागते आणि तो काढायला लेन्स पूर्ण खोलावी लागते. घरी आल्यावर आधी कोरड्या मऊ ब्रशने झटका. ओल्या फडक्याने पुसलात तर रंग खाचांत मुरतो.

चामड्याच्या मूळ केसमध्ये ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि भिंगावर बुरशीची जाळी तिथूनच सुरू होते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत निळं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यात पुन्हा निळं होईपर्यंत परता, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. ठेवताना शटर मोकळं ठेवा, ताणलेलं नको.